इंग्रजीचा उच्चार आणि साठ मुलांचा वर्ग

महाराष्ट्रातील मराठी माध्यमाच्या शाळांतून इयत्ता पहिलीपासून इंग्रजी शिकविण्याचा निर्णय जून २००० पासून अमलात आला. तत्पूर्वी ही भाषा मुलांच्या भेटीस येत असे ती पाचवीत. निर्णय झाला तेव्हा त्यावर पुष्कळ वादंग माजले. मातृभाषेचे काय होणार, कोवळ्या वयात दोन लिप्यांचे ओझे कितपत पेलवणार, आडगावच्या शाळेला इंग्रजीचा शिक्षक कोठून मिळणार, असे नाना प्रश्न उपस्थित झाले आणि ते रास्तही होते. परंतु त्या गदारोळात एका प्रश्नाकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. पाचवीतील मूल नवी भाषा बव्हंशी डोळ्यांनी शिकते. पहिलीतील मुलाला ती कानांनीच शिकावी लागते. आणि ज्या शिक्षकाच्या तोंडून ती त्याच्या कानी पडायची, तो शिक्षक स्वतः मात्र इंग्रजी डोळ्यांनीच शिकलेला होता. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला, शब्दार्थांची वही आणि परीक्षेपुरते गाईड या वाटेने त्याची इंग्रजी त्याच्यापर्यंत आली होती. त्या वाटेवर भाषेचा ध्वनी क्वचितच भेटतो.

उच्चाराचा प्रश्न हा केवळ शिष्टाचाराचा प्रश्न आहे, अशी एक समजूत आहे. बोलण्यातील मतलब कळला म्हणजे झाले, उच्चाराचे चोचले कशाला, असे म्हणणारे शिक्षकही थोडे नाहीत. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, परंतु ते अर्धेच. २००५ सालच्या भारतीय मानव विकास सर्वेक्षणाच्या आकडेवारीवरून आझम, चिन आणि प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी काढलेला आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की अस्खलित इंग्रजी बोलणाऱ्या पुरुषाची ताशी मिळकत इंग्रजी मुळीच न येणाऱ्यापेक्षा सरासरीने ३४ टक्क्यांनी अधिक असते, आणि थोडीफार बोलणाऱ्याची १३ टक्क्यांनी. थोडीफार आणि अस्खलित यांच्यातील ही दरी व्याकरणाने भरून निघणारी नाही. मुलाखतीच्या टेबलापलीकडे बसलेला मनुष्य उमेदवाराची वाक्यरचना तपासण्याआधी त्याचा आवाज ऐकतो, आणि पुष्कळदा तेवढ्यावरच आपले मत बनवितो. दादरमधील मराठी आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांत गेलेल्या मुलांचा मुन्शी आणि रोझेन्झ्वाइग यांनी केलेला अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. कनिष्ठ मानल्या गेलेल्या जातींतील मुलगे परंपरेने चालत आलेल्या कामधंद्यांच्या ओढीने मराठी माध्यमातच राहिले आणि त्याच घरांतील मुली मात्र इंग्रजीकडे वळल्या, असे त्यात दिसून आले. माध्यमाची निवड अशी जातीच्या आणि धंद्याच्या वाटेने होत असेल, तर मराठी माध्यमात राहिलेल्या मुलाला निदान ऐकणाऱ्याला समजेल अशी इंग्रजी बोलता यावी, हे पाहणे शाळेचे कर्तव्य ठरते.

आता हे करावयाचे कसे? उच्चार शिकविण्याची सर्वांत जुनी पद्धत आपल्याकडे कोणाला नव्याने सांगावयास नको. वेदपाठशाळेत गुरू एकदा म्हणतो आणि शिष्य त्याच्यामागून म्हणतात. या देण्याघेण्याला ‘संथा’ हा फार अर्थपूर्ण शब्द आहे. पद, क्रम, जटा, घन अशा पाठांनी शब्दांची उलटसुलट गुंफण करून शतकानुशतके स्वरासकट मजकूर टिकविला गेला, तो लेखणीवाचून. अनुकरणाच्या पद्धतीचा याहून मोठा विजय जगात दाखविता येणार नाही. आजही शाळेत पाढे म्हटले जातात ते याच रीतीने, आणि इंग्रजीच्या तासाला शिक्षकामागून ‘धिस इज अ मँगो’ म्हणणारी मुलेही नकळत संथाच घेत असतात. मात्र दोहोंत एक फरक आहे, आणि तो विसरला जातो. पाठशाळेत गुरूसमोर मोजके शिष्य बसतात, प्रत्येकाची चूक त्याच्या कानावर पडते आणि ती दुरुस्त झाल्याखेरीज पुढची ओळ मिळत नाही. वर्गात साठ मुले एका सुरात ओरडतात. पहिल्या बाकावरच्या चार मुलांचा आवाज उरलेल्या छप्पन्न मुलांना झाकून टाकतो, आणि शिक्षकाला वाटते, वर्गाला जमले!

अनुकरणाविरुद्ध युरोपात जे बंड झाले, त्याचा आरंभ साधारणपणे १८८२ पासून धरतात. त्या वर्षी व्हिल्हेल्म फिएटर या जर्मन शिक्षकाने भाषाशिक्षणाने आता पाठ फिरवून उलट दिशेने चालू लागले पाहिजे, अशा अर्थाच्या मथळ्याची एक पुस्तिका काढली. आधी ध्वनी, मग अक्षर. आधी बोलणे, मग वाचणे, असा तिचा रोख होता. चारच वर्षांनी, १८८६ मध्ये, पॅरिसमध्ये पॉल पासी यांच्या पुढाकाराने भाषाशिक्षकांची एक संघटना उभी राहिली आणि तिच्यातूनच आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपी जन्मास आली. इंग्लंडात हेन्री स्वीट यांनी हाच विचार मांडला. नुसते मागून म्हणून भागणार नाही, जीभ कोठे टेकते आणि ओठ कसे होतात याचे ज्ञान शिकणाऱ्यालाही झाले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. बर्नार्ड शॉ यांच्या ‘पिग्मॅलियन’मधील प्रोफेसर हिगिन्स उभा राहिला तो बव्हंशी याच स्वीट यांच्या छायेत. मराठी प्रेक्षकाला तो १९७५ पासून पु. ल. देशपांडे यांच्या ‘ती फुलराणी’तून परिचयाचा आहे. फुले विकणाऱ्या मुलीचा उच्चार बदलला की तिचे समाजातील स्थानही बदलते, ही त्या नाटकातील थट्टा आहे आणि वेदनाही. त्यात एक मेख मात्र शिक्षकाने ध्यानी घ्यावी अशी आहे. प्रोफेसरापाशी विद्यार्थिनी एकच होती, आणि तिच्यासाठी त्याच्यापाशी दिवसरात्र मोकळी होती.

युरोपियनांना ही दृष्टी सर्वस्वी स्वयंभू लाभलेली नाही. अथर्ववेदाचे प्रातिशाख्य अमेरिकन पंडित व्हिटनी यांनी १८६२ मध्ये भाषांतरासह प्रसिद्ध केले होते, आणि पाश्चात्त्य ध्वनिशास्त्रावरील भारतीय ऋणाची दखल सिडनी ॲलन यांनी १९५३ मधील आपल्या ग्रंथात सविस्तर घेतली आहे. कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य अशी घशापासून ओठापर्यंत येणारी आपली वर्णमाला म्हणजे मुखाचा नकाशाच होय. इंग्रज मुलाला ए, बी, सी या क्रमात असे काहीच सापडत नाही. आपली मुले मराठी व्याकरणाच्या तासाला हे शब्द घोकतात, परीक्षेत लिहितात, आणि पुढच्याच तासाला इंग्रजीचे शिक्षक ‘फॅन’मधील पहिला ध्वनी शिकविताना त्यांचा चुकूनही उपयोग करीत नाहीत. वरचे दात खालच्या ओठावर टेकवून हवा सोडावयाची, म्हणजे हा ध्वनी दंत्योष्ठ्य झाला, एवढे एक वाक्य पुरे आहे. त्याला ध्वनिलिपीची चिन्हे लागत नाहीत आणि आरसाही लागत नाही. शेजारच्या मुलाचे तोंड पाहिले तरी काम होते.

विश्लेषणाची ही पद्धत मराठी वर्गाला एवढी सोयीची असूनही ती येथे रुजली नाही. याचे कारण बहुधा देवनागरीच्याच सोयीत आहे. इंग्रजी शब्दाखाली देवनागरीत उच्चार लिहिला की शिक्षकाला आपले काम संपले असे वाटते. ‘बॅट’ आणि ‘ऑफिस’ यांतील स्वरांसाठी मराठीने खास चिन्हे घडविली, आणि २००९ च्या शासन निर्णयाने ॲ आणि ऑ यांना वर्णमालेतही जागा मिळाली, हे आपल्या लिपीचे औदार्यच होय. परंतु लिपी जेथे हात देते तेथेच पायही ओढते. इंग्रजीतील ‘पिन’ हा शब्द आपण पकाराने लिहितो. वास्तविक शब्दारंभीच्या त्या ध्वनीत इंग्रज मनुष्य हकाराचा एक झोत सोडतो, आणि तो झोत नसेल तर त्याला ‘बिन’ ऐकू येते. गंमत अशी, की हा झोत मराठी मुलाच्या जिभेला मुळीच अवघड नाही. दोन्ही ओठ मिटून उच्चारलेल्या ‘फूल’मध्ये तो त्याला जन्मापासून अवगत आहे. अडचण जिभेची नाही, प हे अक्षर डोळ्यांसमोर उभे आहे म्हणून झालेली आहे. व्ही या अक्षरासाठी आपण व्ह लिहितो, आणि त्यातील हकार मुले इमाने इतबारे उच्चारतात. इंग्रजीत तो नाही. ‘शिप’ आणि ‘शीप’ यांत आपण ऱ्हस्व-दीर्घाचा भेद लिहून दाखवितो खरा, परंतु प्रमाण मराठीच्या बोलण्यातच ऱ्हस्वदीर्घ इकार इतका सैल झाला आहे, की फळ्यावरील वेलांटीने मुलाच्या कानात काहीच घडत नाही.

विसाव्या शतकाच्या मध्यावर उच्चारशिक्षणाला यंत्रयुगाचे वारे लागले. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ पासून, अमेरिकन सैन्याने सैनिकांना परभाषा शिकविण्याचा एक कार्यक्रम चालविला. लहान गट, ती भाषा जन्मजात बोलणारा एक सांगाती आणि दिवसाचे कित्येक तास सराव, असे त्याचे स्वरूप होते. युद्ध संपल्यावर विद्यापीठांनी सराव तेवढा उचलला. फ्रीज आणि लॅडो हे या पंथाचे आचार्य. दोन भाषांची तुलना करा, जेथे त्या भिन्न असतील तेथे विद्यार्थी चुकणार हे गृहीत धरा, आणि एकाच ध्वनीने वेगळ्या होणाऱ्या शब्दांच्या जोड्या त्याच्याकडून सवय जडेपर्यंत घोटून घ्या, असे त्याचे सूत्र. ध्वनिफितींची प्रयोगशाळा ही या पंथाची देवघरे झाली. कानाला यंत्र लावून बसलेली मुले हे एका काळी प्रगत शाळेचे चित्र होते, आणि आपल्याकडील काही महाविद्यालये आजही माहितीपत्रकावर तेच चित्र छापतात. या प्रयोगशाळांची कसोटी मात्र फार लवकर लागली. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात माध्यमिक शाळांतील फ्रेंच आणि जर्मनच्या वर्गांवर मोठ्या प्रमाणात तुलनेचा प्रयोग झाला. १९७० मध्ये त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. जुन्या वळणाने शिकविलेल्या मुलांपेक्षा नव्या पद्धतीची मुले सरस ठरली नाहीत, आणि आठवड्यातून दोनदा प्रयोगशाळेत नेल्याने दखल घेण्यासारखा फरक पडला नाही. लक्षावधी डॉलरांच्या यंत्रसामग्रीला हा निष्कर्ष रुचला नाही, हे सांगावयास नकोच.

त्यानंतर लंबक दुसऱ्या टोकाला गेला. १९८० मध्ये पर्सेल आणि सूटर या अभ्यासकांनी उच्चार कशाकशाने सुधारतो याची छाननी केली तेव्हा मातृभाषा, नकलेचे अंग, त्या भाषेच्या सहवासात घालविलेला काळ आणि आपला उच्चार चांगला असावा अशी तळमळ, हे घटक प्रभावी दिसले. वर्गातील शिकवणुकीचा वाटा जवळजवळ नगण्य निघाला. उच्चार शिकविता येतच नाही, असा अर्थ त्यातून पुष्कळांनी काढला. त्याच सुमारास संभाषणाभिमुख अध्यापनाची लाट आली होती. मुलांना अर्थपूर्ण कामे द्या, ती करता करता भाषा येईल, हा विचार भारतात प्रभु यांनी बंगळूर परिसरातील शाळांत १९७९ ते १९८४ या काळात मोठ्या निष्ठेने राबविला, आणि भाषाशिक्षणाच्या इतिहासात त्याला मानाचे स्थान आहे. परंतु या लाटेत उच्चार हा विषय तासाच्या वेळापत्रकातून हळूच गळाला. जे आपोआप येणार ते शिकवावयाचे कशाला? जेथे रस्त्यावर, दुकानात, शेजारी इंग्रजी बोलली जाते तेथे हा युक्तिवाद टिकेल. परभणीच्या वा गडचिरोलीच्या मुलाला इंग्रजीचा सहवास आठवड्यातील काही तासिकांपुरताच. तासात जे मिळणार नाही ते त्याला अन्यत्र कोठेही मिळणार नाही.

या दोन टोकांमधून वाट काढण्याचे काम गेल्या तीन दशकांत झाले, आणि ते प्रामुख्याने कॅनडातील ट्रेसी डर्विंग आणि मरे मन्रो यांनी केले. १९९५ मध्ये त्यांनी चिनी मातृभाषा असलेल्या विद्यार्थ्यांची इंग्रजी ध्वनिमुद्रित करून ती इंग्रजी भाषकांना ऐकविली. ऐकणाऱ्यांना दोन कामे दिली. ऐकले ते शब्दशः लिहून काढावयाचे, आणि बोलणाऱ्याचा हेल किती परका वाटला याला गुण द्यावयाचे. ज्यांचा हेल फार परका ठरविला गेला, अशा कित्येकांचे बोलणे त्याच श्रोत्यांनी एकही शब्द न चुकता लिहून काढले होते. हेल ही एक गोष्ट आणि सुबोधता ही दुसरी, हे यातून स्पष्ट झाले. साधीच गोष्ट, परंतु तिच्या अभावी शंभर वर्षे शिक्षक चुकीच्या शत्रूशी लढत होते.

पुढे १९९८ मध्ये वीब यांच्या सहकार्याने याच दोघांनी जो प्रयोग केला तो वर्गशिक्षकाच्या दृष्टीने अधिक मोलाचा आहे. प्रौढ विद्यार्थ्यांचे तीन गट केले. एका गटाला सुटे ध्वनी आणि शब्दांच्या जोड्या शिकविल्या. दुसऱ्याला आघात, लय आणि वाक्याचा चढउतार शिकविला. तिसऱ्याला उच्चाराचे असे वेगळे काहीच शिकविले नाही. बारा आठवड्यांनी वाक्ये वाचून दाखविण्याच्या कसोटीत पहिले दोन्ही गट सुधारलेले आढळले. परंतु चित्रे पाहून आपल्या शब्दांत गोष्ट सांगावयाची वेळ आली, तेव्हा सुबोधता वाढली ती केवळ लय शिकलेल्यांची. सुट्या ध्वनींवर मेहनत घेतलेल्यांना वाचताना ते ध्वनी आठवत होते. बोलण्याच्या ओघात ते निसटत होते. शिकविल्याने उच्चार सुधारतो की नाही, हा वादही त्यानंतर मावळत गेला. २०१५ मध्ये ली, जँग आणि प्लॉन्स्की यांनी ८६ अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र मांडले. त्यांत शिकवणुकीचा परिणाम चांगलाच दिसून आला. शिकवणूक दीर्घकाळ चालली आणि विद्यार्थ्याला त्याची चूक दाखवून दिली गेली, तर तो अधिक होता. नियंत्रित कसोटीत हा परिणाम जास्त आणि स्वैर बोलण्यात कमी दिसतो, ही नोंदही त्यांनी प्रामाणिकपणे केली आहे.

लयीचे हे प्रकरण मराठी भाषकाला विशेष लागू पडते. मराठीत शब्दातील आघात अर्थ बदलीत नाही. अक्षरे साधारणपणे सारख्या वजनाने पावले टाकीत जातात. इंग्रजीत तसे नाही. ‘हॉटेल’, ‘इव्हेंट’, ‘डेव्हलप’, ‘कमिटी’ या चारही शब्दांत जोर दुसऱ्या अवयवावर आहे, आणि आपण तो सर्रास पहिल्यावर देतो. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर आरंभी, ‘फोटोग्राफर’मध्ये दुसऱ्या अवयवावर, ‘फोटोग्राफिक’मध्ये तिसऱ्यावर, जोर सरकला की उरलेले स्वर आक्रसून मराठी अ सारखे होतात. हा अ आपला घरचा स्वर आहे आणि इंग्रजी बोलण्यात सर्वाधिक वेळा येणारा स्वरही तोच आहे, हे मराठी मुलाला कोणी सांगतच नाही! हैदराबादच्या केंद्रीय इंग्रजी संस्थेतील प्राध्यापक आर. के. बन्सल यांनी १९६९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या अभ्यासात भारतीयांची इंग्रजी परक्या श्रोत्याला न समजण्याचे एक प्रमुख कारण म्हणून चुकीच्या आघाताकडेच बोट दाखविले होते. म्हणजे कॅनडातील प्रयोगाआधी तीन दशके हे निदान आपल्याच देशात झालेले होते. ते प्रशिक्षण महाविद्यालयांच्या ग्रंथालयात राहिले. वर्गात आले नाही.

वर्गात ते आणावयाचे तर खर्च काय येतो? टाळ्या वाजविता येतात, बाकावर बोटांनी ठेका धरता येतो, दोन बोटांत रबरबँड धरून जोराच्या अवयवावर तो ताणता येतो. तबल्याचे बोल ऐकलेल्या, भजनात झांज धरलेल्या मुलांना सम कोठे आहे हे सांगावे लागत नाही. येथे समूहस्वरही उपयोगी पडतो, कारण सुट्या ध्वनीची चूक कोलाहलात दडते, ठेका चुकला तर मात्र तो साऱ्या वर्गात उघडा पडतो. साठ मुलांचा वर्ग आणि पस्तीस मिनिटांची तासिका धरली तर एकेका मुलाच्या वाट्याला पस्तीस सेकंद येतात, आणि तेही शिक्षकाने स्वतः तोंड उघडले नाही तर! इतक्या दुर्मिळ वस्तूचा विनियोग करताना ती कशावर खर्ची घालावयाची नाही, हे आधी ठरवावे लागते. ‘थिंक’मधील ध्वनी मराठी मुले थ सारखा उच्चारतात म्हणून वर्षानुवर्षे त्यांची जीभ दातांबाहेर काढण्याचा खटाटोप चालतो. ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही अशा दोघांतील इंग्रजी संभाषणांचा अभ्यास करणाऱ्या जेनिफर जेन्किन्स यांनी २००० मधील आपल्या ग्रंथात नेमका हाच ध्वनी अनावश्यकांच्या यादीत टाकला. त्यावाचून कोणाचे काही अडत नाही. उलट शब्दारंभीचा हकाराचा झोत, स्वरांची लांबी आणि वाक्यातील मुख्य शब्दावरील जोर यांना त्यांनी आवश्यक मानले. अक्षराअक्षरातील आघाताबद्दल त्यांचे मत बन्सल यांच्याइतके आग्रही नाही, आणि त्या बाबतीत बन्सल यांचेच पारडे जड वाटते. तथापि वगळावयाचे काय, याबाबत जेन्किन्स यांनी शिक्षकांवर उपकारच केले आहेत.

बोलण्याआधी ऐकणे, हा या विषयातील दुसरा धडा. जपानी विद्यार्थ्यांना इंग्रजीतील र आणि ल यांतील भेद ऐकूच येत नाही, हे प्रसिद्ध आहे. अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात पिसोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ पासून या विद्यार्थ्यांना केवळ ऐकण्याचा सराव दिला. ज्यांना अनेक वक्त्यांच्या आवाजात शब्द ऐकविले, त्यांना नवा आवाजही ओळखता आला. ज्यांना एकाच वक्त्याच्या आवाजाची सवय लावली, ते नव्या वक्त्यापुढे अडखळले. आणि १९९७ मधील प्रयोगात असे आढळले, की निव्वळ ऐकण्याच्या सरावाने या विद्यार्थ्यांचे बोलणेही सुधारले. आपल्या वर्गात वर्षभर एकाच शिक्षकाचा आवाज असतो. तो आवाज कितीही शुद्ध असो, एकटा असणे हाच त्याचा दोष आहे. आता मात्र शिक्षकाच्या खिशातील मोबाइलमध्ये नाना आवाज आहेत, आणि ते सारे लंडनचे असण्याची गरज नाही. चेन्नईची बातमी सांगणारी स्त्री, कोलकात्याचा क्रिकेट समालोचक आणि नैरोबीचा शिक्षक हेही त्यांत असावेत. मोठेपणी त्या मुलाला इंग्रजीत ज्यांच्याशी बोलावे लागणार आहे, त्यांत इंग्रजांपेक्षा अशांचीच संख्या अधिक असेल.

हा सारा विचार इंग्रजीपुरताच राहू नये. २०२० च्या अधिनियमाने महाराष्ट्रातील सर्व शाळांत मराठी अनिवार्य झाली, आणि भूमिका पालटल्या. आता मराठी ही शिकावयाची परभाषा आहे आणि मुंबईच्या एकाच वर्गात हिंदी, गुजराती, तमिळ भाषक मुले शेजारी बसली आहेत. ळ शिकविण्यासाठी शिक्षक साऱ्या वर्गाकडून ‘टिळक’ आणि ‘बाळ’ वदवून घेतात. वस्तुतः गुजराती आणि तमिळ मुलांच्या भाषेत हा ध्वनी आहेच. तो शिकावयाचा आहे हिंदी भाषकाला. त्याच्या ड मध्ये जीभ जेथे टाळूला लागते तेथेच ती ठेवून ल म्हणावयास सांगितले, तर बहुधा त्याला वाट सापडते. याउलट ज्याने सर्वच जण अडखळतात, ती च आणि ज यांची दुहेरी तऱ्हा आपण शिकवीतच नाही, कारण ती लिपीत दिसत नाही. ‘चंद्र’मधील च निराळा आणि ‘चांदणे’मधील निराळा, ‘माझा’ म्हणताना जीभ दातांमागे आणि ‘माझी’ म्हणताना टाळूकडे, ‘जग’ म्हणजे विश्व आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा, यांतील भेद फक्त कानालाच कळतो. आपल्याला हे आपोआप येते म्हणून त्याला नियम आहे, याचीच जाणीव नसते. तत्सम शब्दांत आणि इ-कारापुढे तालव्य, अन्य देशी शब्दांत बहुशः दंत्य, एवढे स्थूलमानाने सांगितले तरी अपवाद वगळून परभाषक मुलाचे पुष्कळसे काम होईल.

आणि मराठी मुलांच्या मराठीचे काय? ‘पानी’ म्हणणाऱ्या, ‘डोळ्या’ला ‘डोया’ म्हणणाऱ्या वऱ्हाडातील वा खानदेशातील मुलाला वर्गात हसण्याचा प्रघात अद्याप गेलेला नाही. तो मुलगा आपल्या बोलीचे नियम अचूक पाळीत असतो. त्याचा ध्वनी चुकलेला नसून त्याचे गाव वेगळे असते. घरच्या भाषेत बोलल्याबद्दल ज्याचा मराठीच्या तासाला उपहास झाला, तो इंग्रजीच्या तासाला तोंड उघडील, ही अपेक्षा करण्यात अर्थ नाही. उच्चाराच्या कोणत्याही पद्धतीला विद्यार्थ्याने आवाज काढणे ही पहिली अट असते, आणि ही अट आपल्या शाळा फार लवकर मोडून टाकतात. हेल आणि सुबोधता यांतील भेद शिक्षकाने प्रथम येथे, मराठीतच, आत्मसात करावयास हवा.

परीक्षा ज्याची तेच शिकविले जाते, हे जुने सत्य येथेही आड येते. दहावीला भाषाविषयांसाठी शाळेने द्यावयाचे वीस गुण २०१९ च्या परीक्षेपुरते बंद करण्यात आले होते. त्या वर्षी राज्याचा निकाल ७७.१० टक्क्यांवर आला. आदल्या वर्षी तो ८९.४१ टक्के होता. ओरड झाली आणि ते गुण पुढच्याच वर्षी परत आले. निकाल घसरण्यास नवा अभ्यासक्रमही कारण झाला असेल. परंतु पालकांपासून राजकारण्यांपर्यंत सर्वांनी बोट ठेवले ते या वीस गुणांवर. त्या गुणांत तोंडी परीक्षा येते, ती किती शाळांत खरोखर तोंडी होते आणि कितींत ती गुणपत्रकावर उरकली जाते, हे शिक्षकांना ठाऊक आहे. ती खरी करण्यास मोठी योजना नको. परीक्षार्थीने न पाहिलेली पाच वाक्ये वाचावी आणि एका चित्रावर दोन मिनिटे बोलावे. दुसऱ्या वर्गातील दोन मुलांनी पाठ करून बसून, ऐकू आले ते कागदावर लिहून काढावे. डर्विंग आणि मन्रो यांनी १९९५ मध्ये याहून फारसे वेगळे काही केले नव्हते. लिहिणाऱ्यांना वाक्य कळले तर गुण द्यावे, हेल कोणत्या जिल्ह्याचा आहे याची नोंदसुद्धा करू नये, आणि कोणते शब्द दोघांनाही कळले नाहीत याची यादी मात्र शिक्षकाने दप्तरात जपून ठेवावी. पुढच्या वर्षीच्या पस्तीस सेकंदांत काय शिकवावयाचे, ते त्या यादीत असेल.